मानेची चतुःसीमा

सूर्यवंशी मॅडम समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत. बघायच्या मानेकडे. नवी ओळख करून द्यावी, समोरचा नमस्कार करून हसत उभा राहावा, आणि मॅडमची नजर त्याच्या कानाखालून हळूहळू कॉलरमध्ये उतरलेली असावी. बायकांना वाटे, ही बाई मंगळसूत्र निरखतेय. पुरुषांना वाटे, कॉलर मळली असणार. आमच्या कॉलेजात नवे अधिष्ठाता आले, त्यांनी तर पहिल्याच बैठकीनंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "काळे, माझ्या शर्टाला काही लागलंय का हो?"

मी म्हटलं, "नाही सर. तुम्ही पाणी पिताना मॅडमना तुमची थायरॉइड दिसली असेल."

ते मोठ्यानं हसले. पुढे रक्त तपासून आले तेव्हा हसत नव्हते. पण गोळी वेळेवर सुरू झाली, आणि त्यानंतर मॅडमसमोर ते गळ्याशी रुमाल धरून पाणी प्यायचे.

नांदेडच्या एका मेडिकल कॉलेजात मॅडम शरीररचनाशास्त्र शिकवायच्या. मी आधी त्यांचा विद्यार्थी आणि नंतर त्यांच्याच विभागात लेक्चरर. पेशंट बघणारे डॉक्टर आम्हाला चिडवायचे, "तुमचं बरं आहे, तुमचे पेशंट तक्रार करत नाहीत." मॅडम चिडत नसत. "हाव ना," म्हणायच्या, "आणि तुमचे करतेत तवा बी तुमी कुठं ऐकता!"

सगळं शरीर त्या शिकवायच्या, पण जीव होता मानेवर. हातात सुरीला हाडाच्या कडेनं चालता येतं, पोटात जागा ऐसपैस असते. मानेत मात्र श्वास, अन्न, रक्त, आवाज, सगळे एकाच बोळातून जातात, म्हणून तिथे शिस्तीनं वागायचं, असं त्यांचं म्हणणं. नांदेडचा उन्हाळा त्यांना त्यामुळेच आवडत नसे. मार्च संपला की पोरी स्कार्फ गुंडाळून हिंडतात आणि बाप्ये रुमाल. "माझा अभ्यास बंद पडतो," अशी त्यांची तक्रार.

मॅडम मूळच्या देगलूरच्या. त्यांचे वडील तिथल्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल मांडून शेताची खरेदीखतं लिहून द्यायचे. शाळा सुटली की मॅडम त्या टेबलाशेजारी बसून अभ्यास करायच्या आणि कानावर दिवसभर एकच पाठ पडायचा: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस सरकारी रस्ता, उत्तरेस तमक्याचा बांध. ही चतुःसीमा. ती लिहिल्याशिवाय शेताचा कागद होत नाही. पुढे मॅडम बौद्ध वस्तीतल्या पहिल्या डॉक्टर झाल्या, सगळ्या गल्लीनं फेटे बांधले, आणि वडिलांनी विचारलं म्हणे, "शिकलीस काय तिथं?" मॅडम म्हणाल्या, "तुमचंच काम. फक्त जमीन बदलली."

तोंडी परीक्षेत त्या समोरच्या पोराला विचारायच्या, "मानेचा मागचा त्रिकोण. चतुःसीमा बोल."

पोरानं बोलायचं. पुढची हद्द स्टर्नोमॅस्टॉइड, म्हणजे कानामागून छातीच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा, मान वळवली की दोरीसारखा उठून दिसणारा स्नायू. मागची हद्द ट्रॅपिझियस, ज्याच्यावर आपण ओझं घेतो तो. खालची हद्द कॉलरबोन. वर छत कुणाचं, खाली जमीन कुणाची.

"शाब्बास. आता रस्ता?"

इथे निम्मी पोरं अडायची. त्या त्रिकोणातून एक नस तिरकी जाते, स्टर्नोमॅस्टॉइडच्या मागून निघून थेट ट्रॅपिझियसपर्यंत. स्पायनल अॅक्सेसरी तिचं नाव. खांदा उचलायचं आणि हात डोक्याच्या वर न्यायचं काम तिच्यावर. एवढ्या कामाची नस, पण जाते अगदी वरून, कातडीखाली थोडीशी चरबी आणि एक पातळ पडदा, बस्स. आणि तिच्या कडेनं लसिकेच्या गाठी बसलेल्या असतात, पारावर माणसं बसावीत तशा. आमच्याकडे टीबीच्या गाठी याच जागी येतात. तपासायला गाठ काढायची आणि बेसावध राहून नस कापायची, हा अपघात जगभर होतो. मॅडम सांगायच्या, "लोक चतुःसीमा पाठ करतेत आणि मधला रस्ता नांगरून टाकतेत. मग सगळ्या गावाचं जाणं-येणं बंद."

तो रस्ता पोरांच्या डोक्यात बसावा म्हणून त्यांची एक पद्धत होती. मानेचं विच्छेदन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कुणालाही सुरी मिळायची नाही. मॅडम पर्समधून काजळाची पेन्सिल काढायच्या, वर्गातली एखादी लांब, बारीक मान हेरायच्या, त्या पोराला स्टुलावर बसवायच्या आणि त्याच्या कातडीवर नसेची वाट काढून दाखवायच्या. मग सगळ्यांनी आपापल्या शेजाऱ्याच्या मानेवर ती रेघ काढायची. रेघ चुकली की ओल्या कापसानं पुसायची आणि पुन्हा काढायची. संध्याकाळी ती सगळी पोरं मानेवर काळ्या रेघा घेऊन चहाच्या टपरीवर उभी राहिली की टपरीवाला म्हणायचा, "आज मॅडमची मान निघाली वाटतं."

एका वर्षी स्टुलावर बसला होता शिरसाट. पोरगा हुशार, नम्र, आणि मान अशी की पोरगा उपाशी असेल असं वाटून बघणाऱ्याला दया यावी. मॅडम त्याच्या मानेवर खूश. दुसऱ्या बॅचेसही बोलावल्या आणि दिवसभर त्याच्याच मानेवर शिकवलं. तो पुढे सर्जन झाला, नांदेडमध्येच त्याचं छोटं हॉस्पिटल निघालं. मॅडम अभिमानानं सांगायच्या, "आपली मान."

आता बसमधली गोष्ट सांगतो.

आम्ही दोघं परीक्षक म्हणून लातूरला निघालो होतो. कॉलेजची गाडी मिळत होती, पण मॅडमना एसटी हवी. गाडीत फक्त ड्रायव्हरची मान दिसते, असं त्यांचं कारण. बस भरलेली होती. आमच्या पुढे एक मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या. मुलीनं तिकिटाचे पैसे उजव्या हातानं दिले, सुटे उजव्या हातानं घेतले, आणि मग बॅग वर ठेवायला मात्र डावा हात वापरला. बॅग दोनदा घसरून एका काकांच्या डोक्यावर आली. काका ओरडले. मुलीनं तिसऱ्यांदाही डावाच हात लावला.

मॅडमनी मला कोपरानं ढोसलं. "काळे, उजवा खांदा बघ."

"काय झालंय?"

"उतरलाय. डोळे हायत का बटनं?"

मी बघितलं. खरंच, ड्रेसचा उजवा खांदा खाली ओघळलेला होता आणि मानेवर, ओढणीच्या कडेला, बोटाच्या पेराएवढा गुलाबी व्रण होता.

मॅडमनी आईला स्वतःच्या जागेवर बसवलं आणि मुलीला विचारलं, "बेटा, गाठ काढली का मानेतली?"

मुलगी दचकली. आई म्हणाली, "हाव बाई. टीबीची निघाली. गोळ्या चालू हायत. पन तवापासून हिचा हात हलका पडलाय. डॉक्टर म्हनले, अशक्तपना हाय, व्यायाम करा."

"काय करतीस बेटा?"

"भरतीची तयारी," मुलगी म्हणाली. "पोलीस भरती. लातूरला अकॅडमीत हाय मी." तिचं नाव अर्चना. गाव हदगाव, घरी सोयाबीन-कापसाची शेती, घराण्यात नोकरीचं नाव नाही. पळण्यात ती अकॅडमीत सगळ्यात पुढे होती. घोडं अडलं होतं गोळाफेकीवर. "गोळा पायाशीच पडायलाय मॅडम. सर म्हणतेत, ढोंग करून राहिली. आता आईला बोलवून घेतलंय सरांनी. घरी घिऊन जा म्हणणार."

बोलता बोलता तिचे डोळे भरले. आई खिडकीबाहेर बघू लागली.

"रडायचं नंतर," मॅडम म्हणाल्या. "आधी खांदे उडव. 'मला काय माहीत' म्हणताना उडवतो ना, तसे."

अर्चनानं खांदे उडवले. डावा कानापर्यंत गेला. उजवा नुसता थरथरला.

"आता हनुवटी डावीकडं वळव आणि माझ्या हातावर दाब. जोरात. अजून." उजवीकडचा स्टर्नोमॅस्टॉइड टरारून उठला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं. त्या स्नायूला जाणारा फाटा शाबूत होता, म्हणजे रस्ता त्याच्या पुढे, त्रिकोणातच तुटला होता.

अहमदपूरला बस चहासाठी थांबली. मॅडमनी अर्चनाला फलाटावरच्या बाकावर बसवलं, पर्समधून काजळाची पेन्सिल काढली आणि तिच्या मानेवर रेघ ओढली. भोवती लगेच बायका जमल्या. एक म्हातारी म्हणाली, "दिष्ट लागली का पोरीला?" दुसरी म्हणाली, "काजळ गालाला लावतेत बाई, मानेला न्हाई."

"हिची दिष्ट मानेतच हाय," मॅडम म्हणाल्या.

रेघ व्रणाच्या बरोबर मधून गेली होती.

मग मॅडमनी आईला समोर बसवून सगळं सांगितलं. हात हलका पडलेला नाही, नस कापली गेलीय. पोरगी ढोंगी नाही. लवकर जोडली तर हात परत येऊ शकतो. उशीर केला तर खांद्याचा स्नायू वाळत जातो आणि मग कुणीच काही करू शकत नाही. आईनं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मंजे लेकरू खरं बोलत व्हतं?" मॅडम म्हणाल्या, "हाव." तेव्हा कुठे आई रडली.

"ऑपरेशन कुणी केलं?" मी विचारलं.

"नांदेडचे शिरसाट डॉक्टर. लई चांगला मानूस हाय."

अहमदपूर ते लातूर मॅडमनी बसमध्ये कुणाच्या मानेकडेही बघितलं नाही.

परतल्यावर आम्ही शिरसाटच्या हॉस्पिटलात गेलो. तो केबिनमधून धावत आला, पाया पडला, चहा सांगितला. मला वाटलं होतं, मॅडम आता तोफ डागणार. त्यांनी फक्त पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याच्या मानेवर रस्ता काढ."

शिरसाट हसला, मग मॅडमचा चेहरा बघून हसायचा थांबला. माझ्या मानेवर ती पेन्सिल टेकली, उचलली, पुन्हा टेकली. त्यानं रेघ काढली. मला दिसत नव्हती, पण मॅडमनी डोळे मिटून घेतले त्यावरून कळलं की ती बरीच खाली गेलीय.

"हदगावची अर्चना," त्या म्हणाल्या. "तिचा हात वर जाईना."

शिरसाट खुर्चीत बसला. त्याचा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेला. "मॅडम, तुम्ही माझ्याच मानेवर काढली होती," तो म्हणाला. "दिवसभर. सगळ्यांनी बघितली. मी स्टुलावर बसून होतो. मी कधी काढलीच नाही."

पाठ्यपुस्तकात त्यानं ती नस नक्कीच वाचली होती, चतुःसीमेचे मार्कही पूर्ण मिळवले होते. पण बोटांना ती वाट कधी कळली नव्हती. अख्ख्या वर्गात एकट्यालाच.

मॅडमनी त्याच्या हातातली पेन्सिल परत घेतली. "म्हंजे ह्यात मी बी हाय," त्या म्हणाल्या. "चल. आता कोन चुकलं ते काढत बसायचं न्हाई. नस थांबत नसती. पोरीच्या घरी तू सांगायचंस. मी सांगनार न्हाई."

त्या क्षणी शिरसाटनं काय करावं हे त्याच्याच हातात होतं. अशक्तपणा म्हणून रेटता आलं असतं. आजाराची गुंतागुंत म्हणून सांगता आलं असतं. त्या भाबड्या माणसांनी मानही डोलावली असती. तो हदगावला गेला, आमच्यासमोर अंगणातल्या बाजेवर बसला आणि म्हणाला, "माझ्या हातून नस कापली गेली." अर्चनाचे वडील उठले. मला वाटलं, आता हात उगारतात. त्यांनी दारातली चप्पल पायात घातली, शेताकडे चालत गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले. "कुठं जोडतेत ती नस?" एवढंच त्यांनी विचारलं.

हैदराबादला जोडतात. शिरसाट स्वतः घेऊन गेला, मॅडमही गेल्या. तिथल्या सर्जनना मॅडमनी त्यांच्या खास देगलुरी हिंदीत बजावलं म्हणे, "देखो डॉक्टरसाब, ये पोट्टी को पुलिस बनना है. जरा इमान से जोडो." तुटलेली दोन्ही टोकं सापडली. मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्यानं ती जोडली गेली. शिरसाट पूर्ण वेळ मागे उभा राहून बघत होता.

मग वाट बघणं. जोडलेली नस दिवसाला मिलिमीटरभर वाढते, म्हणजे गोगलगायीलाही हसू यावं. अर्चनाच्या गोळ्या चालू होत्या, व्यायाम चालू होता, आणि दर रविवारी मॅडमचा व्हिडिओ कॉल. "उडव खांदे." ती उडवायची. डावा जायचा, उजवा नाही. "बरं. पुढच्या रविवारी." शेजारपाजारच्या बायका विचारायच्या, ही पोरगी दर रविवारी मोबाइलला 'मला काय माहीत' काय म्हणते? कितीतरी रविवार असे गेले. मला वाटू लागलं की आता होत नाही. मी तसं एकदा बोललोही. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या तोंडाची नस कापली असती तर बरं झालं असतं."

सोयाबीनची रास झाली होती त्या सुमाराला एक दिवस मॅडमचा फोन आला. आवाज एवढा मोठा की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काळे! वेणी घातली पोरीनं!"

"कुठल्या पोरीनं?"

"अरे मूर्खा! अर्चीनं! सोताच्या हातानं! दोन्ही हात डोक्याच्या मागं!"

मी घरात उभ्या उभ्या नाचलो. बायकोला काही कळलं नाही, पण तीही हसत सुटली. शिरसाटला मी फोन केला. तो म्हणाला, "थांबा सर, पेशंट आहे समोर." समोर पेशंट नव्हता, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं.

पुढच्या भरतीला अर्चनानं लातूरलाच अर्ज केला. मैदानावर बाहेरच्यांना सोडत नाहीत. म्हणून मॅडम, मी आणि शिरसाट कंपाउंडबाहेर, एका ज्वारीच्या पोत्यांच्या टेम्पोवर चढून उभे. टेम्पोवाल्याला मॅडमनी "पोरीची परीक्षा हाय" सांगितलं, तर तोही वर चढला. लांबून एवढंच दिसलं की एक बारीक मुलगी वर्तुळात उभी राहिली, गोळा मानेशी धरला, बरोबर त्या जागेशी, आणि फेकला. गोळा कुठे पडला ते आम्हाला दिसलं नाही. पंच फीत घेऊन पुढे चालत गेला, चालतच गेला, आणि टेम्पोवाला ओरडला, "गेला की वो लांब!" मॅडमनी त्या टेम्पोवाल्याला मिठी मारली. शिरसाट पोत्यावर खाली बसून रडत होता आणि मॅडम त्याच्या बारीक मानेवर हळूहळू थापट्या मारत होत्या.

ती भरती झाली. त्या वर्षीपासून वर्गात एक नियम आला: ज्याच्या मानेवर मॅडमनी रेघ काढली, त्यानं स्टुलावरून उठून पहिली रेघ काढायची. मानेच्या दिवशी शिरसाट हॉस्पिटल बंद ठेवून यायचा आणि पोरांना स्वतःची चूक स्वतः सांगायचा. मॅडम निवृत्त झाल्या तरी तो येत राहिला. अजून येतो.

निवृत्तीनंतर मॅडम मुलीकडे बेंगळुरूला राहायला निघाल्या. जायच्या आधी लातूरच्या बहिणीला भेटायचं होतं, सोबत मी होतो. क्लास सुटायची वेळ, चौकात सायकली, स्कूटी, रिक्षांची झिम्मड. आमची रिक्षा चौकात शिरणार तेवढ्यात पांढऱ्या शर्टातल्या वाहतूक पोलीस बाईनं उजवा हात वर केला आणि सगळी रांग थांबली.

मॅडमनी चष्मा पुसला. रिक्षातून अर्ध्या बाहेर वाकल्या. हात सरळ, कानाला लागून, पुरता वर. त्या बाईचीही नजर आमच्या रिक्षावर पडली. ती अर्चना होती. तिनं ओळखलं, गालात हसली, पण हात काही खाली घेतला नाही. समोरून येणारी वाहनं संपली, रस्ता मोकळा झाला, मागून हॉर्न सुरू झाले. हात वरच.

रिक्षावाला वैतागला. "मॅडम, ही बाई हात का धरून ठिवून राहिली? तिकडून तर कोनच यिना!"

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही खांदे उडवले.

चौकाच्या मधून अर्चनाला ते दिसलं. तिनं हात खाली घेतला, ताठ उभी राहिली, आणि भर चौकात, सगळ्या लातूरसमोर, दोन्ही खांदे कानापर्यंत उडवले. दोन्ही सारखे.

"चल रे बाबा आता," मॅडम रिक्षावाल्याला म्हणाल्या.